‘पानिपत’ कादंबरीत ठेवायचं की इतिहासात? वाचनालयातल्या पुस्तकांचा पत्ता कसा ठरतो?

कळंबोलीत कुणाचं घर शोधायचं असेल, तर आधी सेक्टर विचारला जातो. सेक्टर ३ई म्हटलं की निम्मं काम होतं. मग इमारतीचा नंबर, मग खोलीचा. सिडकोने वसाहत आखताना ही अंकांची भाषा दिली आणि देशभरातून आलेल्या माणसांनी ती उचलली. कुरियरवाला पहिल्यांदाच आला असला, तरी विचारत विचारत का होईना, पोहोचतो.

आता असं समजा की कुणी सेक्टर सांगितलाच नाही. फक्त म्हणाला, “लोखंड बाजाराच्या अलीकडे, पिवळी इमारत.” कुरियर परत जाणार हे नक्की.

वाचनालयातल्या पुस्तकाचंही तसंच आहे. पुस्तक विकत घेतलं, शिक्का मारला, कपाटात ठेवलं, पण पत्ता नीट दिला नाही, तर ते असूनही नसल्यासारखंच. हा पत्ता देण्याच्या कामाला ग्रंथालयाच्या भाषेत ‘वर्गीकरण’ म्हणतात. वरवर कारकुनी वाटणाऱ्या या कामावरून जगभरातल्या ग्रंथालयांमध्ये दीडशे वर्षं वाद चालू आहेत. त्यात एका मराठी राजाचाही वाटा आहे.

एक पुस्तक, दोन-तीन कपाटं

विश्वास पाटील यांची ‘पानिपत’ १९८८ साली आली. ती कादंबरी आहे. पण वाचनालयात येऊन “पानिपतच्या लढाईवर काही आहे का?” असं विचारणाऱ्याला इतिहासाच्या कपाटात ती सापडणार नाही.

दया पवारांचं ‘बलुतं’ घ्या. १९७८ सालचं हे आत्मकथन. चरित्र-आत्मचरित्राच्या कपाटात ठेवलं, तर ते नेत्यांच्या आणि नटांच्या आठवणींशेजारी बसतं. साहित्यात ठेवलं, तर ललित गद्य होतं. समाजशास्त्रात ठेवलं, तर जातिव्यवस्थेचा अभ्यास करणाऱ्याच्या हाताला लागतं, पण सहज चाळायला आलेल्या वाचकाला दिसत नाही.

गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ हे प्रवासवर्णन की १८५७ च्या उठावाचा इतिहास? तुकारामांची गाथा कवितेत की धर्मात?

या प्रश्नांना एकच बरोबर उत्तर नाही. पण पुस्तकाची प्रत एक असेल, तर ते एकाच जागी ठेवता येतं. म्हणजे ग्रंथपालाला निवड करावीच लागते, आणि त्या निवडीवर ते पुस्तक कोणत्या वाचकाला भेटणार हे बऱ्याच अंशी ठरतं.

वाचनालयात आत्ता काय चालतं?

महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला. त्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड असा दर्जा मिळतो आणि त्यानुसार सरकारी अनुदान. अशी सुमारे ११ हजार वाचनालयं राज्यात आहेत. त्यातली बरीचशी लहान आहेत, एक-दोन माणसांवर चालणारी.

अशा अनेक वाचनालयांत पुस्तकाची मुख्य ओळख म्हणजे ‘दाखल क्रमांक’. पुस्तक आलं की नोंदवहीत पुढचा आकडा पडतो. आज आलेल्या पाककृतींच्या पुस्तकाला ४५२१, तर त्यामागून आलेल्या कवितासंग्रहाला ४५२२. हिशेब आणि तपासणीसाठी हा आकडा लागतोच. पण तो पुस्तक कधी आलं एवढंच सांगतो. ते कशाबद्दल आहे, हे सांगत नाही.

त्यावर उपाय म्हणून साहित्यप्रकारानुसार ढोबळ गट केले जातात: कादंबरी, कथा, नाटक, कविता, चरित्र, प्रवास, धार्मिक, बालवाङ्मय आणि शेवटी ‘संकीर्ण’. वाचक यादीतून नंबर काढतो, चिठ्ठीवर लिहितो आणि देवघेवीच्या टेबलावर देतो. आतून पुस्तक येतं.

काउंटरपलीकडचा माणूस जुना-जाणता असेल, तर ही व्यवस्था उत्तम चालते. “मागच्या वेळी नेलं होतं ना, तसलंच द्या” एवढ्यावर तो पुस्तक काढून देतो. पण तो निवृत्त झाला की त्याच्या डोक्यातलं वर्गीकरण त्याच्याबरोबर जातं. आणि वाचकांना थेट कपाटापर्यंत जाऊ द्यायचं ठरवलं, तर ‘संकीर्ण’मध्ये कोंबलेल्या पुस्तकांचं काय करायचं हा प्रश्न उरतोच.

ड्यूई पद्धत म्हणजे काय?

जगात सगळ्यात जास्त वापरलं जाणारं उत्तर अमेरिकेतून आलं. मेल्विल ड्यूई हा ग्रंथपाल २४ वर्षांचा असताना, १८७६ साली, त्याने ४४ पानांची एक पुस्तिका छापली. कल्पना सोपी होती. सगळ्या ज्ञानाचे दहा भाग करा. प्रत्येकाचे पुन्हा दहा, त्यांचे पुन्हा दहा. अजून बारकावा हवा असेल, तर दशांश चिन्ह द्या आणि पुढे आकडे वाढवत जा.

२०० म्हणजे धर्म, ३०० सामाजिक शास्त्रं, ५०० विज्ञान, ८०० साहित्य, ९०० इतिहास-भूगोल. ९५४ म्हणजे भारताचा इतिहास आणि ९५४.७९२ म्हणजे महाराष्ट्राचा. सेक्टर, इमारत, खोली असाच हा प्रकार आहे.

याचा मोठा फायदा असा की नवं पुस्तक आलं, तरी जुन्यांचे नंबर बदलावे लागत नाहीत. ते आपल्या भावंडांमध्ये जाऊन बसतं. कळंबोलीतल्या वाचकाला ९५४ म्हणजे काय हे एकदा कळलं, की पुण्यात किंवा लंडनमध्येही, जिथे ड्यूई पद्धत आहे तिथे तो त्या कपाटाशी पोहोचू शकतो.

पण ही विभागणी एकोणिसाव्या शतकातल्या एका अमेरिकन कॉलेजच्या ग्रंथालयात बसून झाली होती. ते आकड्यांतून दिसतं.

इंग्रजी कादंबरीचा नंबर आहे ८२३. तीन आकड्यांत काम झालं. मराठी कादंबरीचा आहे ८९१.४६३. तो असा बनतो: ८०० साहित्य, ८९० ‘इतर’ भाषांचं साहित्य, ८९१.४ आधुनिक भारतीय आर्य भाषा, ८९१.४६ मराठी आणि शेवटचा ३ कादंबरी-कथेचा. इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश, लॅटिन, ग्रीक यांना स्वतंत्र घरं मिळाली. बाकीच्या जगाने एकाच घरात दाटीवाटीने राहायचं.

धर्माचंही तेच. २२० ते २८९ हा जवळजवळ सगळा पट्टा बायबल आणि ख्रिस्ती धर्माला दिला गेला. उरलेले धर्म २९० च्या दशकात. बौद्ध धर्म २९४.३, हिंदू धर्म २९४.५, इस्लाम २९७.

मराठी वाचनालयात याचा परिणाम काय होतो? समजा दहा हजार पुस्तकं आहेत आणि त्यातल्या चार हजार कादंबऱ्या. त्या चारही हजारांच्या पाठीवर एकच नंबर: ८९१.४६३. एका सेक्टरमध्ये चार हजार घरं आणि सगळ्यांचा पत्ता सारखा! वेगळेपण उरतं ते फक्त लेखकाच्या आडनावाच्या अक्षरांत.

स्वतः ड्यूईची प्रतिमाही पुढे डागाळली. स्त्रियांशी गैरवर्तन आणि वंशभेदी वागणूक यांमुळे अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने २०१९ साली आपल्या मानाच्या पदकावरून त्याचं नाव काढून टाकलं. पद्धत मात्र टिकून आहे. १९८८ पासून तिची मालकी ओसीएलसी या अमेरिकी संस्थेकडे आहे. तिच्या संपादकांचं काम सतत चालू असतं, कारण नवे विषय येतच राहतात. १८७६ साली संगणक नव्हता. पुढे त्याच्यासाठी ००४ ते ००६ अशी जागा करावी लागली.

बडोद्याने स्वतःची पद्धत केली होती

परकी पद्धत जशीच्या तशी घ्यायची की आपली बनवायची? हा प्रश्न शंभरहून अधिक वर्षांपूर्वी सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानात आला होता.

सयाजीरावांनी १९०६ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. मुलं लिहायला-वाचायला शिकली, पण पुढे वाचायला काही मिळालं नाही, तर शिकलेलं विसरतील, हे त्यांनी ओळखलं. अमेरिकेच्या दौऱ्यात त्यांनी तिथली सार्वजनिक ग्रंथालयं पाहिली होती. १९१० साली त्यांनी विल्यम अ‍ॅलन्सन बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात बोलावून घेतलं.

बोर्डनने तीन वर्षांत मध्यवर्ती ग्रंथालय उभं केलं, ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणवर्ग सुरू केले आणि फिरत्या पेट्यांमधून गावोगावी पुस्तकं पाठवायची व्यवस्था लावली. वर्गीकरणासाठी मात्र त्याने ड्यूई पद्धत सरळ उचलली नाही. ड्यूई आणि चार्ल्स कटर या दोन अमेरिकनांच्या पद्धतींचं मिश्रण करून त्याने बडोद्यासाठी वेगळी पद्धत तयार केली.

बोर्डन १९१३ साली परत गेला. ही पद्धत बडोद्याबाहेर फारशी पसरली नाही. स्वतःची पद्धत बनवणं एक वेळ सोपं, पण नवा विषय आला की तिच्यात भर कोण घालणार? दुसऱ्या ग्रंथालयाने केलेलं काम तुम्हाला वापरता येत नाही आणि तुमचं काम दुसऱ्याला उपयोगी पडत नाही.

त्याच सुमारास, १९१५ साली, लाहोरच्या पंजाब विद्यापीठात एसा डॉन डिकिन्सन हा दुसरा अमेरिकन ग्रंथपाल आला. त्याने ड्यूई पद्धत शिकवली. भारतात पुढे पसरली ती हीच पद्धत.

रंगनाथन आणि दुकानातलं खेळणं

भारतातून आलेलं सगळ्यात मूलगामी उत्तर मात्र शियाळी रामामृत रंगनाथन यांचं. ते मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि शिक्षणासाठी लंडनला गेले. तिथे सेल्फ्रिजेस या मोठ्या दुकानात त्यांनी मेकॅनो पाहिलं. त्याच पट्ट्या, तेच स्क्रू. पण जोडणी बदलली की कधी गाडी, कधी क्रेन.

त्यांच्या मनात आलं, विषयांचंही असंच का करू नये? प्रत्येक विषयाला आधीच ठरलेला नंबर देण्याऐवजी विषयाचे सुटे भाग करायचे आणि पुस्तक हातात आल्यावर ते जोडायचे.

उदाहरणार्थ, ‘विसाव्या शतकात कोकणातल्या भातावरचे रोग’ असं पुस्तक आहे. त्याचे भाग पडतात: शेती, भात, रोग, कोकण, विसावं शतक. प्रत्येक भागाचं चिन्ह ठरलेलं, आणि भाग जोडण्यासाठी विरामचिन्हं. त्यातलं मुख्य चिन्ह कोलन, म्हणजे दोन टिंबं. म्हणून ही ‘द्विबिंदू वर्गीकरण’ पद्धत. ती १९३३ साली प्रसिद्ध झाली.

जगभरच्या ग्रंथालयशास्त्रावर या विचाराचा खोल परिणाम झाला. आज ऑनलाइन खरेदी करताना तुम्ही रंग, साइज, किंमत, ब्रँड असे वेगवेगळे फिल्टर लावता. एकाच वस्तूकडे अनेक बाजूंनी पाहण्याची हीच कल्पना रंगनाथन यांनी पुस्तकांसाठी मांडली होती.

तरी गल्लीतल्या वाचनालयात द्विबिंदू पद्धत क्वचितच दिसते. तिचे नंबर लांब होतात, त्यात अक्षरं, आकडे आणि चिन्हं मिसळलेली असतात. पुस्तकाच्या बारीक पाठीवर ते मावत नाहीत, आणि प्रशिक्षण नसलेल्या माणसाला पुस्तक परत जागेवर ठेवणं अवघड जातं.

मग ज्यांनी पद्धत बदलली, त्यांचं काय झालं?

अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनामध्ये गिल्बर्ट गावात २००७ साली एक शाखा ग्रंथालय ड्यूईशिवाय सुरू झालं. पुस्तकाच्या दुकानात असतात तशा पाट्या: स्वयंपाक, प्रवास, आरोग्य, बागकाम. २००९ मध्ये कोलोरॅडोतल्या रेंजव्ह्यू ग्रंथालय जिल्ह्याने आपल्या सगळ्याच शाखांत हा मार्ग धरला.

चाळत फिरणाऱ्या वाचकाला अशी मांडणी आवडते. त्याला नंबर नको असतो, पाटी हवी असते. अडचण येते ती नेमकं एकच पुस्तक हवं असणाऱ्याची. ‘आरोग्य’ या पाटीखाली सहाशे पुस्तकं असतील, तर मधुमेहावरची सात कशी शोधायची?

उलटा प्रवास स्वीडनने केला. तिथे स्वतःची पद्धत अनेक दशकं चालत होती. पण २०११ साली स्वीडनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ती सोडून ड्यूई स्वीकारली. दुसऱ्या देशांनी आधीच वर्गीकरण करून ठेवलेल्या पुस्तकांवर पुन्हा मेहनत कशाला, हा त्यामागचा एक मोठा विचार होता.

म्हणजे एकाने ड्यूई सोडली आणि दुसऱ्याने धरली. दोघांनी आपापल्या जागी विचार करूनच हे केलं.

बदलाची खरी किंमत

पद्धत बदलायची असं बैठकीत ठरवायला पाच मिनिटं लागतात. पुढचा हिशेब करून बघा.

दहा हजार पुस्तकं आहेत. प्रत्येक पुस्तक काढायचं, विषय ठरवायचा, नवा नंबर नोंदवायचा, जुनं लेबल काढून नवं लावायचं. एका पुस्तकाला फक्त पाच मिनिटं धरली, तरी पन्नास हजार मिनिटं होतात. म्हणजे ८३३ तास. एक माणूस रोज सहा तास फक्त हेच करत बसला, तर जवळजवळ १३९ दिवस लागतील. लहान वाचनालयात तोच माणूस देवघेव करतो, वर्गणी घेतो आणि संध्याकाळी दिवेही बंद करतो.

सगळ्यात मोठा धोका असतो अर्धवट राहण्याचा. अर्धी कपाटं जुन्या पद्धतीने, अर्धी नव्या, आणि हुरूप संपलेला. तेव्हा दोन्ही पद्धती निरुपयोगी होतात.

कळंबोलीसारख्या ठिकाणी काय निवडावं?

कळंबोलीसारख्या वसाहतीचा वाचक एकसारखा नसतो. सातारा-सांगलीकडून आलेलं कुटुंब असतं, वाहतूक आणि लोखंड व्यवसायामुळे उत्तरेतून आलेले लोक असतात, इंग्रजी शाळेत जाणारी मुलं असतात. आणि घरात टेबल मांडायला जागा नाही, म्हणून वाचनालयात येऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारे तरुण असतात.

या शेवटच्या गटाचं उदाहरण घ्या. ड्यूई काटेकोरपणे लावली, तर त्यांची राज्यघटना ३४२ मध्ये, भूगोल ९१५ मध्ये, इतिहास ९५४ मध्ये आणि गणित ५१० मध्ये जातं. तीन खोल्यांत चार कपाटं. शास्त्र म्हणून हे बरोबर आहे, पण रात्री आठला वाचनालय बंद होण्याआधी दोन तास मिळालेल्या मुलीसाठी नाही. तिला ‘स्पर्धा परीक्षा’ अशी पाटी लावलेलं एकच कपाट हवं.

म्हणून लहान मराठी वाचनालयाला बहुतेक वेळा मधला रस्ता परवडतो.

* माहितीपर पुस्तकांना ड्यूईचे पहिले तीन आकडे पुरेसे आहेत. महाराष्ट्राच्या इतिहासाचा साठा मोठा असेल, तर तेवढ्यापुरते पुढचे आकडे वाढवावेत.
* मराठी साहित्याला ८९१.४६ चं लांबलचक शेपूट न लावता ‘का’, ‘क’, ‘ना’ अशी अक्षरं आणि लेखकाचं आडनाव द्यावं. यात पाप काही नाही. आपल्या भाषेच्या साहित्याला छोटा नंबर किंवा वेगळं चिन्ह द्यायची मुभा ड्यूईच्या नियमांतच आहे.
* मराठी, हिंदी, इंग्रजी पुस्तकं एकत्र ठेवायची की वेगळी, हे आधीच ठरवावं. वेगळी ठेवली, तरी विषयाचा नंबर तिन्हीकडे एकच असावा.
* मुलांची आणि स्पर्धा परीक्षेची पुस्तकं वाचकाप्रमाणे वेगळी काढावीत.
* जुना दाखल क्रमांक पुसू नये. संगणकावर नोंद करताना जुना आणि नवा, दोन्ही आकडे राहू द्यावेत.

संगणकाने इथे मोठी सोय केली आहे. ‘कोहा’ हे मोफत सॉफ्टवेअर किंवा एनआयसीचं ‘ई-ग्रंथालय’ वापरलं, तर पुस्तक एकाच कपाटात असलं, तरी त्याला अनेक विषय जोडता येतात. ‘बलुतं’ आत्मचरित्रात ठेवा आणि नोंदीत ‘जातिव्यवस्था’, ‘दलित साहित्य’ हेही लिहा. शोधणाऱ्याला ते तिन्ही वाटांनी सापडेल.

नियम वहीत लिहून ठेवा

यातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे एक वही. घेतलेला प्रत्येक निर्णय तिच्यात लिहायचा. ऐतिहासिक कादंबरी कादंबरीतच राहील. संतसाहित्य एकाच जागी राहील, मग ते कवितेत असो की धर्मात.

लेखकाच्या नावाचेही नियम हवेत. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर एकच, पण कविता एका नावावर आणि ‘नटसम्राट’ दुसऱ्या. विभावरी शिरूरकर म्हणजे मालतीबाई बेडेकर. ‘पुलं’ मागणारा वाचक ‘दे’च्या रांगेत कसा पोहोचेल? या प्रश्नांवर एका ग्रंथपालाने एक निर्णय घेतला आणि पुढच्याने दुसरा, तर एकाच लेखकाची पुस्तकं दोन टोकांना जाऊन बसतात.

बदल करायचाच असेल, तर एका वेळी एकच विभाग घ्यावा. आधी फाटकी आणि कालबाह्य पुस्तकं बाजूला काढावीत, म्हणजे त्यांच्यावर लेबलं वाया जात नाहीत. विभाग पूर्ण झाला, की महिनाभर वाचकांना तिथे वावरू द्यावं. ते कुठे अडतात, काय विचारतात, हे पाहावं आणि मगच पुढचं कपाट उघडावं.

वाचकाचा वेळ ही रंगनाथन यांच्या दृष्टीने ग्रंथालयाची मोठी जबाबदारी होती. पद्धत चांगली की वाईट हे तपासायला तीच कसोटी पुरते. पहिल्यांदाच आलेल्या माणसाला, कुणालाही न विचारता, हवं ते पुस्तक सापडायला किती मिनिटं लागतात? घड्याळ लावून एकदा बघावं. आकडा मोठा आला, तर पत्ता बदलायची वेळ झाली आहे.